स्वस्त तिकिटापेक्षा टिकणारे विमान हवे

गांधीबागेतल्या एखाद्या ठोक कापड व्यापाऱ्याला सहज विचारून पाहा, "भाईजान, विमानाने जाता की नाही?" उत्तर ठरलेले असते. जाहिरातीतले तिकीट आपल्याला कधी मिळतच नाही! दोन महिने आधी काढले तर स्वस्त, हे सर्वांना माहीत आहे. परंतु बाजाराची गरज दोन महिने आधी कोणाला कळते? सुरतेहून माल खराब आला, हैदराबादेत पार्टीने पैसे अडकवले, तर व्यापाऱ्याला उद्या सकाळी निघावे लागते. आणि उद्या सकाळचे तिकीट पाहिले की माणूस मुकाट्याने रेल्वेच्या तत्काळ खिडकीकडे वळतो.

आमच्या मते स्वस्त विमानसेवेच्या सगळ्या चर्चेत हीच गोष्ट विसरली जाते. विमान स्वस्त आहे की महाग, एवढाच प्रश्न विचारला जातो. ते पुढच्या वर्षीही असेल काय, मंगळवारी येणारे विमान खरोखर मंगळवारी येईल काय, आणि आमच्या मालाला त्यात जागा असेल काय, हे कोणी विचारत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र हेच प्रश्न आधीचे आहेत.

नागपूरला विमानाचे अप्रूप नाही. किंबहुना एके काळी देशाची हवाई टपालसेवा आमच्या सोनेगावच्या धावपट्टीवर उभी होती. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या पेढीत पोचे. सत्तरच्या दशकापर्यंत ही सेवा चालली. तिच्यात कोणतीही चमक नव्हती, जाहिरात नव्हती. वेळ ठरलेली होती आणि थैल्या भरलेल्या होत्या, म्हणून ती टिकली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे जे प्रयोग झाले त्यांत वेळ आणि भरलेली थैली या दोन्हींचीच वाण पडली.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढची चाळीस वर्षे विमान म्हणजे साहेबांची सवारी राहिली. छोट्या गावांसाठी सरकारने १९८१ मध्ये वायुदूत नावाची कंपनी काढली. १९ आसनांची डॉर्नियर विमाने आणली, पुढाऱ्यांच्या मागणीप्रमाणे गावेही जोडली. जिथे प्रवासी होते तिथे आणि जिथे नव्हते तिथेही. तोटा वाढत गेला आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्सच्या पदरात घातली गेली.

त्याच सुमारास खासगी कंपन्यांना दार उघडले. १९९२ मध्ये ईस्ट वेस्ट एअरलाइन्स उडाली. तिचे संस्थापक तकियुद्दीन वाहिद हे केरळचे. मुंबईत आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांची तिकिटे काढून देण्याच्या धंद्यातून ते वर आले होते. म्हणजे कोणा राजेरजवाड्याचे वा मोठ्या औद्योगिक घराण्याचे नव्हे, तर आमच्या वाचकांसारख्याच एका मेहनती व्यापाऱ्याचे विमान होते. १९९५ च्या नोव्हेंबरात मुंबईत त्यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी ही त्या काळातली बाकीची नावेही एकापाठोपाठ एक गेली. विमानाचा धंदा किती नाजूक असतो हे त्या चार-पाच वर्षांत सर्वांना दिसले.

त्यानंतर आले कॅप्टन गोपीनाथ. लष्करातून निवृत्त झालेल्या आणि शेती करून पाहिलेल्या या गृहस्थांनी २००३ च्या ऑगस्टमध्ये एअर डेक्कन सुरू केली. पहिले मार्ग पाहा, बंगळूर ते हुबळी! दिल्ली-मुंबई नव्हे. पंख्याची छोटी एटीआर विमाने, जेवणखाण नाही, तिकिटे पेट्रोल पंपावरसुद्धा. एक रुपयाचे तिकीट गाजले. आमच्या मते त्यापेक्षा पेट्रोल पंपाची गोष्ट मोठी होती. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही आणि इंग्रजी येत नाही, त्यालाही त्यांनी गिऱ्हाईक मानले. परंतु विमानाचे भाडे एका रुपयात निघत नाही. २००७ मध्ये कंपनी किंगफिशरच्या हाती गेली आणि २०१२ मध्ये किंगफिशरही जमिनीवर बसली. लोकांना स्वस्ताची सवय लागली आणि विमान गेले.

सध्याची 'उडान' योजना २०१६ साली आली. तिची रचना थोडक्यात समजून घेऊ, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर आहे. जिथे विमान जात नाही किंवा फार कमी जाते अशा गावांसाठी कंपन्यांकडून बोली मागवल्या जातात. साधारण एका तासाच्या प्रवासासाठी विमानातल्या ठरावीक खुर्च्या बांधलेल्या दराने विकायच्या. सुरुवातीला तो दर २,५०० रुपये होता. येणारा तोटा सरकार भरून देते. त्यासाठीचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून आणि राज्यांच्या वाट्यातून उभा होतो. मार्गावर तीन वर्षे दुसरी कंपनी येत नाही. तीन वर्षांनी आधार संपतो आणि मग स्वतःच्या पायावर उभे राहायचे.

बेत चांगला आहे. बांधलेला दर आदल्या दिवशीही तोच असतो, म्हणजे व्यापाऱ्याची मूळ तक्रार येथे दूर होते. पण झाले काय? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचा या योजनेवरील अहवाल २०२३ मध्ये संसदेसमोर आला. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतील ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले त्यांतील फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदतीनंतर, आधार संपल्यावर, २०२३ च्या मार्चपर्यंत चालू राहिलेले मार्ग होते ५४. शंभरातले सात. एखाद्या कारागिराने शंभर भांडी घडवून त्यांतली सात विकण्याजोगी निघाली, तर तो भट्टी तपासेल की गिऱ्हाइकाला दोष देईल?

आपल्या भागाचा हिशेब याहून वेगळा नाही. नांदेडला एप्रिल २०१७ मध्ये, योजनेच्या पहिल्याच दिवशी, हैदराबादचे विमान मिळाले. ते चालवणारी ट्रूजेट कंपनी २०२२ च्या फेब्रुवारीत थांबली. जळगावला २०१७ च्या डिसेंबरात नव्या एअर डेक्कनचे १९ आसनी विमान मुंबईहून आले. ती कंपनी २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर १३ मार्च २०२२ रोजी फ्लायबिगचे विमान इंदूरहून उतरले, हैदराबादला गेले, ढोलताशे वाजले आणि काही महिन्यांतच आकाश पुन्हा रिकामे झाले. पुढे २०२३ च्या डिसेंबरात इंडिगोने तेथे पाऊल ठेवले. अमरावतीकरांनी बेलोऱ्याच्या विमानतळासाठी किती वर्षे वाट पाहिली हे त्यांनाच विचारावे. अखेर १६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरचे विमान मुंबईहून आले, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस.

चांगल्याची दखलही घेतली पाहिजे. कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिने नागपूरला बेळगावशी जोडले. बेळगाव-नागपूर हा मार्ग कोणत्याही मोठ्या कंपनीच्या स्वप्नात आला नसता. गोव्याहून २०२४ मध्ये निघालेल्या फ्लाय ९१ ने जळगाव, सिंधुदुर्ग आणि पुढे सोलापूर धरले. ही माणसे मोठ्या शहरांच्या मागे न लागता मधली गावे जोडत आहेत. आमचा त्यांच्यावर विश्वास आहे असे नव्हे, पण त्यांचा नकाशा आम्हाला पटतो.

विमान बंद का पडते? हे समजायला हवाई शास्त्राची गरज नाही. कामठीचा पॉवरलूमवाला ते चटकन ओळखेल. माग कर्जाने घेतला तर तो चालो वा बंद राहो, हप्ता येतोच. विमान बहुधा भाड्याने घेतलेले असते. त्याचे भाडे, वैमानिकांचा पगार, विमा हे सर्व डॉलरच्या आणि महिन्याच्या हिशेबाने चढत राहते. विमान आकाशात असते तेवढाच वेळ ते कमावते. दोन-तीन विमानांच्या कंपनीत एक विमान बिघडले की निम्मे वेळापत्रक कोसळते. सुटा भाग परदेशातून यायला आठवडे लागतात. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा इंधनाचा, आपल्याकडे साधारण चाळीस टक्क्यांच्या घरात. त्यावर राज्याराज्यांचा वेगळा कर. विमानाचे इंधन अजून जीएसटीत आलेले नाही. उडानच्या विमानतळांवर त्यात सवलत आहे, पण विमान दुसऱ्या टोकाला मोठ्या शहरातच उतरते ना?

मग एक दुष्टचक्र सुरू होते. विमान दोनदा रद्द झाले की व्यापारी म्हणतो, नको ती कटकट. खुर्च्या रिकाम्या राहतात. रिकाम्या राहिल्या म्हणून कंपनी आणखी उड्डाणे रद्द करते आणि शेवटी म्हणते की या गावात प्रवासीच नाहीत.

आम्ही स्वतः हे भोगले आहे. काही वर्षांपूर्वी मोमिनपुऱ्यातले दोन व्यापारी मित्र आणि आम्ही एका छोट्या विमानाचे तिकीट काढून बसलो होतो. नमुन्यांच्या पेट्या बांधलेल्या, पलीकडे पार्टी दुपारी भेटणार असे ठरलेले. रात्री नऊ वाजता मोबाइलवर संदेश आला की "संचालनाच्या कारणास्तव" उड्डाण रद्द. पैसे परत मिळाले, तेही दीड महिन्याने. पण त्या रात्री उभ्याने रेल्वेप्रवास करून आम्ही पोचलो तेव्हा पार्टीने ऑर्डर दुसऱ्याला दिली होती. मित्रांपैकी एकजण तेव्हापासून विमानाचे नाव काढत नाही. त्याला आम्ही दोष देऊ शकत नाही. आणि तरीही, त्याच्यासारखे शंभर जण दुरावले म्हणूनच ते विमान पुढे बंद पडले, हेही खरे.

बाहेरच्या जगात काय घडले ते पाहू. दक्षिण आफ्रिकेची परिस्थिती आपल्याशी मिळतीजुळती आहे. अंतरे लांब, श्रीमंत-गरिबांत मोठी दरी, सरकारी विमान कंपनी तोट्यात. तेथे दरबान-जोहान्सबर्गच्या बाजारपेठांत मेमन आणि सुरती व्यापाऱ्यांची घराणी शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. २००१ मध्ये कुलुला नावाची स्वस्त सेवा निघाली, २००४ मध्ये वनटाइम, २००६ मध्ये सरकारी कंपनीचीच मँगो. मँगोचे तिकीट तर शॉपराइट या किराणा दुकानांच्या साखळीत रोखीने मिळू लागले. साबण, पीठ आणि विमानाचे तिकीट एकाच गल्ल्यावर! लोक प्रथमच आकाशात गेले. परंतु वनटाइम २०१२ मध्ये बुडाली, मँगो २०२१ मध्ये थांबली आणि कुलुला २०२२ मध्ये आपल्या मूळ कंपनीसह गेली. त्या देशाच्या उत्तरेला, टांझानियात, फास्टजेट २०१२ मध्ये मोठ्या गाजावाजाने सुरू झाली आणि २०१८ अखेर तेथील तिचे काम बंद पडले.

टिकली कोण? २०१४ मध्ये सुरू झालेली फ्लायसफेर. तिच्या मागे सफेर ही जुनी कंपनी होती. माल वाहणे, विमाने भाड्याने देणे, त्यांची दुरुस्ती करणे हा तिचा अनेक वर्षांचा धंदा. प्रवाशाच्या तिकिटावर चूल पेटत नव्हती, ती आधीच पेटलेली होती. आमच्या वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही. ज्याच्या दुकानाला मागे दुसरा आधार असतो तोच मंदीत तग धरतो. पण आपल्याकडे छोटी विमान कंपनी काढणारा माणूस उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांबरोबर फोटो काढतो आणि मालाच्या भाड्याचा विचार तिसऱ्या वर्षी करतो.

कोणी म्हणेल, मग छोट्या कंपन्यांचा नाद सोडा, मोठी इंडिगो आहेच. तिची सेवा बरी आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण देशातल्या हवाई प्रवासाचा निम्म्याहून बराच अधिक वाटा एकाच कंपनीच्या हाती गेला की काय होते ते २०२५ च्या डिसेंबरात दिसले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, कंपनीची तयारी अपुरी पडली आणि थोड्या दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली. दुसऱ्यांचे भाडे आभाळाला भिडले. शेवटी सरकारला ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि १,००० किलोमीटरपर्यंत १२,००० रुपये अशी कमाल मर्यादा घालावी लागली. एकाच अडत्याच्या हाती सगळी मंडी दिली तर भाव कोण ठरवतो, हे कळमन्याच्या फळवाल्याला वेगळे सांगायला नको.

येथे एक कबुली दिली पाहिजे. प्रत्येक ठिकाणी विमान हवे असा आमचा हट्ट नाही. बिलासपूर-रायपूरकडे २०२२ पासून वंदे भारत धावते, सिकंदराबादला २०२४ पासून, पुण्याला २०२५ पासून. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण खुला झाला. जिथे रेल्वे सरळ आहे तिथे छोट्या विमानाने तिच्याशी झुंज घेणे म्हणजे पैसे जाळणे. रायपूरसाठी विमान मागणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा.

परंतु औरंगाबाद घ्या. आता शासनदरबारी छत्रपती संभाजीनगर. नागपूरहून सरळ रेल्वेमार्ग नाही, मनमाडकडून वळसा घालून जावे लागते. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर ही गावे नागपूरच्या नकाशावर जणू दुसऱ्या राज्यात आहेत. सुरतेला गाडी जाते, पण दुकान उघडण्याच्या वेळी पोचून त्याच रात्री परतणे गाडीला जमत नाही. कापड, चप्पल, बांगड्या, अत्तर, सुटे भाग, प्रत्येकाची मंडी वेगळ्या गावी. मंत्र्यांचा नकाशा मुंबई-दिल्लीकडे जातो, व्यापाऱ्याचा नकाशा आडवा-तिडवा आहे. विमान त्या आडव्या रेषेवर हवे. देशाच्या मध्यावर बसलेल्या नागपूरला ते शोभेलही.

मग करावे काय? सरकारकडे निवेदन देणे आपल्याला फार आवडते. हार, निवेदन, फोटो! आमची सूचना वेगळी आहे आणि ती आमच्या खिशाला हात घालणारी आहे.

२०१४ मध्ये सुरतच्या हिरे व्यापाऱ्यांनी स्वतः पैसे घालून नऊ आसनांची छोटी विमाने आणली आणि भावनगर, अमरेली, राजकोट या आपल्या गावांना सुरतेशी जोडले. व्हेंच्युरा ही ती कंपनी. त्यांना गरज होती, त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. आपल्याकडे हिऱ्यांचा पैसा नाही, हे मान्य. पण अमेरिकेतल्या विचिटा शहराने दुसरा मार्ग दाखवला. तेथून विमानभाडे फार महाग होते. २००२ मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एका स्वस्त कंपनीला शब्द दिला की आम्ही वर्षभरात इतक्या रकमेची तिकिटे नक्की घेऊ, आणि नगरपालिकेने तोट्यात मदतीची हमी दिली. विमान आले आणि त्या शहरातल्या इतर कंपन्यांचे भाडेही खाली आले.

आपण आपलाच हिशेब मांडू. समजा ७० खुर्च्यांचे विमान आठवड्यातून तीन दिवस एका मार्गावर जाते आणि येते. वर्षाला ३१२ उड्डाणे, सुमारे २१,८०० खुर्च्या. नागपूर, कामठी आणि आसपासच्या ३०० दुकानांनी वर्षाला प्रत्येकी सहा वेळा जाण्यायेण्याचा शब्द दिला, तर ३,६०० खुर्च्या झाल्या. प्रत्येक उड्डाणात अकरा-बारा. म्हणजे विमानाचा सहावा हिस्सा पेरणीपूर्वीच विकला गेला. २,५०० रुपये दर धरला तर एका दुकानाचे वर्षाचे ३० हजार, सर्वांचे ९० लाख. अनेक दुकानदार एवढे पैसे आजही रेल्वे, टॅक्सी आणि लॉजवर घालवतातच. ९० लाखांत विमान कंपनी चालत नाही, हे उघड आहे. पण सहावा हिस्सा पक्का असलेला मार्ग आणि नशिबावर सोडलेला मार्ग यांत बँकवालाही फरक करतो.

हा पैसा कंपनीच्या हाती मात्र मुळीच द्यायचा नाही. २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे आणि एजंटांचे पैसे कसे अडकले हे सर्वांना आठवते. रक्कम बँकेत अमानत म्हणून वेगळ्या चालू खात्यात राहावी. चालू खाते असल्याने व्याजाचाही प्रश्न उरत नाही. विमान उडाले, माणूस पोचला, की तेवढ्याच तिकिटांचे पैसे सुटावेत. उड्डाण रद्द झाले तर पैसा जागेवर. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्ससारखी जुनी संस्था शहरात आहे, बाजाराबाजारांच्या संघटना आहेत. हे काम एका बिरादरीचे नाही आणि एका बिरादरीने करूही नये. मोमिनपुरा आणि इतवारी एकत्र बसले तरच आकडा जमेल.

शब्द देताना आपल्याही अटी असाव्यात. सकाळी लवकर जावे आणि त्याच दिवशी रात्री परतावे, असे वेळापत्रक. दुपारी दोनला पोचवणारे विमान व्यापाऱ्याच्या काय कामाचे? पंधरा किलोच्या सामानात नमुन्यांची एक पेटीही नीट बसत नाही. तेव्हा बांधलेल्या खुर्चीमागे तीस किलो माल ठरलेल्या दराने जावा. विमानाच्या पोटात जागा रिकामी जाण्यापेक्षा कंपनीलाही ते परवडेल. फ्लायसफेरची गोष्ट येथे उपयोगी पडते. आणि तिकीट मोबाइलवर मिळते तसे बाजारातल्या एखाद्या दुकानातही, मराठी-उर्दू बोलणाऱ्या माणसाकडून, रोखीने मिळावे.

कारागीर बंधू विचारतील, यात आमचे काय? प्रामाणिक उत्तर हे की, आज फारसे नाही. मागावर बसणाऱ्याला वर्षातून सहा वेळा विमानाने जाण्याचे कारण नाही. त्याचा फायदा मालाच्या पेटीतून होईल. प्रदर्शनासाठी किंवा तातडीच्या ऑर्डरसाठी माल चार दिवसांऐवजी त्याच दिवशी पोचला तर मधल्या दलालाची एक कडी गळते. दुसरे म्हणजे विमान दुरुस्ती. मिहानमध्ये बोइंगने उभारलेला आणि २०१५ पासून एअर इंडियाने चालवलेला दुरुस्ती कारखाना आला. तेथेच बोइंग ७८७ विमानाच्या जमिनीखालच्या तुळयाही बनू लागल्या. आमच्या गॅरेजवाल्या मुलांचे हात कोणापेक्षा कमी नाहीत. कमी पडतो तो दहावी-बारावीचा आणि परवान्याचा कागद. विमानाला हात लावायला परवाना लागतो आणि त्याची परीक्षा इंग्रजीत असते. मुलगा सोळा वर्षांचा असतानाच हे ठरवावे लागते. पंचविसाव्या वर्षी हळहळून उपयोग नाही.

एक गोष्ट जाता जाता. नागपूरहून हजची विमाने जातात, तेव्हा कमी प्रवाशांच्या शहराला भाडे अधिक का पडते याचा अनुभव घरोघरी आहे. २०२३ मध्ये नागपूरहून जाणाऱ्या हाजींना मुंबईपेक्षा कितीतरी अधिक मोजावे लागले. तेथेही कारण तेच, विमानामागे प्रवासी थोडे आणि बोली लावणाऱ्या कंपन्याही थोड्या.

तेव्हा सुरुवात लहान करू. प्रत्येक दुकानदाराने गेल्या बारा महिन्यांत आपण, आपला भाऊ, मुलगा, मुनीम कोणत्या गावी किती वेळा गेलो, किती रात्री बाहेर काढल्या आणि बरोबर किती किलो माल होता, हे वहीतून काढून एका कागदावर लिहावे. नाव नको, बाजाराचे नाव पुरे. असे दोनशे-तीनशे कागद जमले की आडव्या रेषा कोणत्या गावाकडे जातात ते आपोआप दिसेल. आम्हाला वाटते औरंगाबाद आणि सुरत वर येतील. कदाचित आमचा अंदाज चुकेलही. पण विमान कंपनीच्या माणसासमोर बसताना हातात निवेदनाऐवजी हे कागद असावेत.